कॅथलिक माणूस हुकमाचा ताबेदार नाही

गोव्यात निवडणूक जवळ आली की एक मजकूर मराठी गटांमधून फिरू लागतो. त्याचं सार असं: पोप हुकूम सोडतो, तो बिशप पाळतात, बिशप सांगतात ते पाद्री करतो, पाद्रीने रविवारी मिसेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, सांगितलं की अख्खा गाव मान डोलावतो. या लोकांना स्वतःची बुद्धी वापरायची मुभाच नाही, कारण आज्ञापालन हाच त्यांचा धर्म. वरच्याविरुद्ध दादच नाही, तोंड उघडलं तर ते बंद केलं जातं. पुराव्यादाखल जेझुइट या धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचं ‘प्रेतासारखं आज्ञाधारक व्हा’ हे वचन जोडलेलं असतं. मी कॅथलिक आहे, डिचोलीत मराठी शाळेत शिकले. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीचे, शिकलेसवरलेले लोक आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ती साखळी. सिस्टर किंवा जेझुइट आज्ञापालनाचं व्रत घेतात. धर्मप्रांताचा, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखालचा, पाद्री व्रत घेत नाही. दीक्षेच्या वेळी तो बिशपांच्या हातात हात ठेवून वचन देतो. माझ्यासारख्या संसारी बाईने यातलं काहीच दिलेलं नसतं. आम्हाला लागू होतं ते चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेतलं २१२वं कलम. धर्मगुरू श्रद्धेबाबत जे शिकवतात आणि चर्चचे चालक म्हणून जे ठरवतात ते मानावं, असं ते सांगतं. पण तेच कलम पुढे म्हणतं की चर्चच्या हिताबद्दल आपलं मत धर्मगुरूंना कळवणं हा सामान्य माणसाचा हक्क आहे, आणि कधी कधी कर्तव्यही. फेस्ताच्या हिशेबावरून किंवा चर्चच्या जमिनीवरून कोन्फ्रारियाच्या, म्हणजे गावातल्या चर्चच्या मंडळाच्या, बैठकीत फादरांना कसे उभे-आडवे प्रश्न विचारले जातात, हे ज्याने ऐकलंय तो मान डोलावण्याची गोष्ट करणार नाही.

प्रेताची उपमा खरी आहे. इग्नेशियसनी ती जेझुइटांच्या घटनेत वापरली, म्हणजे आपल्या संघातल्या लोकांसाठी. आणि जिथे पाप दिसत नाही तिथेच, अशी अट त्याच परिच्छेदात घातली. २६ मार्च १५५३ला पोर्तुगालच्या जेझुइटांना लिहिलेलं त्यांचं आज्ञापालनावरचं पत्र प्रसिद्ध आहे. वरिष्ठांचं म्हणणं पटलं नाही तर प्रार्थना करून ते त्यांच्यापुढे मांडायला हरकत नाही, असं त्यातही आहे. जुन्या गोव्यात ज्यांचं शव ठेवलंय ते फ्रान्सिस झेवियर याच संघाचे. रोमहून पत्र यायला वर्ष-वर्ष लागे. १५४९मध्ये जपानला जायचं की नाही, हे त्यांना इथेच, स्वतःच्या अकलेने ठरवावं लागलं. १५५३च्या जूनमध्ये इग्नेशियसनी त्यांना युरोपात परत बोलावलं, तेव्हा झेवियरना चीनच्या किनाऱ्याजवळ मृत्यू येऊन सहा महिने उलटले होते.

पोप कधीच चुकत नाही असं आम्ही मानतो, हाही गैरसमज. १८७०मध्ये ठरलेल्या त्या सिद्धांताच्या अटी इतक्या कडक आहेत की तेव्हापासून त्या अधिकाराने एकच गंभीर घोषणा झाली, १९५० साली, मरियेच्या स्वर्गारोहणाबद्दल.

आता मतदान, कारण मजकुराचा रोख तिथेच आहे. निवडणुकीआधी चर्चकडून आवाहन निघतं, त्यात धर्मनिरपेक्ष आणि स्वच्छ उमेदवार निवडा असं असतं, आणि त्याचा निशाणा कुणावर हे वाचणाऱ्याला कळतं. हे मी लपवत नाही. पण दक्षिण गोव्यातल्या, कॅथलिक वस्ती मोठी असलेल्या साष्टी तालुक्याचा २०२२चा निकाल काढून बघा. बाणावली आणि वेळ्ळीत आप, नुवे आणि कुंकळ्ळीत काँग्रेस, कुडतरीत अपक्ष, फातोर्ड्यात गोवा फॉरवर्ड. नावेलीत कॅथलिक मतं तीन-चार उमेदवारांत फुटली आणि भाजप निवडून आला. हुकमावर चालणाऱ्यांची मतं अशी फुटतात का? २०१२मध्ये भाजपच्या २१ आमदारांपैकी सहा कॅथलिक होते, त्यांत कळंगुट आणि कुठ्ठाळीचेही.

‘वरच्याविरुद्ध दादच नाही’ या दाव्याला तर गोव्याचाच इतिहास उत्तर देतो. दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रोंना, ते इथले ब्राह्मण म्हणून, गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली. ते थेट रोमला गेले, तिथे पाद्री झाले, १६३७मध्ये बिशप झाले आणि मग परतले. गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मानलं नाही, तेव्हा त्यांनी त्या काळच्या पोर्तुगीज हद्दीपलीकडे, आमच्या डिचोलीत ठाण मांडलं. ते चर्च सोडून गेले नाहीत. एका वरिष्ठाच्या अन्यायाविरुद्ध त्यांनी त्याच्या वरच्या वरिष्ठाचा दरवाजा ठोठावला. आजही बदली अन्यायाची वाटली तर पाद्रीने कारणं लेखी द्यायची असतात आणि बिशपांना दोन पाद्रींसोबत ती तपासावी लागतात. सगळे असे टिकले नाहीत. वेर्ण्याचे फादर आल्वारिस रोमशी फारकत घेऊन १८८९मध्ये ऑर्थोडॉक्स बिशप झाले आणि पणजीच्या गोरगरिबांसाठी झिजले. त्यांना बहिष्कृत केलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मजकुरातली एक गोष्ट मी नाकारणार नाही. आज्ञापालनाचं नाव घेऊन माणसांची तोंडं बंद केली गेली आहेत, विशेषतः सिस्टरांची. ते चर्चच्या शिकवणीत बसत नाही. आपल्या विवेकबुद्धीच्या निश्चित कौलाविरुद्ध वागू नये, असं आमचा कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, सांगतो. मठाधिपतीने कुणावर मन उघड करण्याची जबरदस्ती करायची नाही, असं कायदेसंहिता बजावते. २०१९मध्ये पोप फ्रान्सिसनी लैंगिक अत्याचाराची तक्रार करणं पाद्री आणि सिस्टरांना बंधनकारक केलं. तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची सक्ती करता येणार नाही, असंही त्याच आदेशात लिहिलं. हा आदेश गोव्यातल्या प्रत्येक कॉन्व्हेंटात, नव्या मुली आत येतात त्या आठवड्यातच, कोंकणीत आणि मराठीत वाचून दाखवला पाहिजे, आणि तक्रार कुणाकडे करायची ते भिंतीवर लावलं पाहिजे.