सात मीटर म्हणजे आमच्या ओट्याची कितवी पायरी?

परवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच विषय निघाला, आमच्या चिपळूणला पुराचं पाणी भरतं ते कोणामुळे. एकजण म्हणाला कोळकेवाडी धरणातून पाणी सोडतात म्हणून, दुसरा म्हणाला नाही रे, वाशिष्ठी आणि शिवनदी या नद्या गाळाने भरल्यात म्हणून, तिसऱ्याने पूर कुठवर येऊ शकतो ते दाखवणाऱ्या निळ्या-लाल पूररेषेचा नकाशा टाकला आणि मग दीडशे मेसेज झाले. मी मध्ये काहीतरी लिहिलं तर एका मित्राने लिहिलं की तुला काय गं, तू अमेरिकेत, तिकडे असलं काही होत नाही. त्याच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहितीये, पण ते मला लागलं, कारण मी जिथे राहते तिथून पंधरा-वीस मिनिटांवर एलिकॉट सिटी आहे आणि ते गाव दोन वर्षांत दोनदा वाहून गेलेलं मी बघितलंय.

मेरीलँडमधलं जुनं गाव आहे ते, १७७२ मध्ये एलिकॉट भावांनी पिठाच्या गिरणीसाठी वसवलेलं. दोन्ही बाजूला ग्रॅनाइटचे डोंगर, मधल्या चिंचोळ्या घळीतून उतरत जाणारा एक रस्ता, मेन स्ट्रीट, आणि तळाशी पटॅप्स्को नदी. नदीजवळ १८३० च्या सुमाराचं दगडी रेल्वे स्टेशन आहे, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं शिल्लक राहिलेलं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला परशुराम घाट उतरून चिपळुणात आल्यासारखंच वाटलं होतं. आणि त्या घळीत चार पऱ्ये, म्हणजे डोंगरातून उतरणारे ओढे, येतात, हडसन, टायबर, न्यू कट आणि ऑटम हिल. पऱ्या म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात दगड दिसतात आणि पावसात त्याच्याजवळ पोरांना जाऊ देत नाहीत. फरक एवढाच की इथे काही दुकानं त्या पऱ्यांच्या डोक्यावरच बांधलेली, म्हणजे दुकानाच्या लादीखालून पाणी वाहतं.

इथला पाऊस आपल्या वळवासारखा. दिवसभर उकडतं, दुपारनंतर आभाळ काळं होतं, गडगडाट सुरू होतो आणि तासाभरात सगळं संपतं. पण कधीकधी ते वादळ पुढे सरकतच नाही, एक ढग रिकामा होतो तोवर त्याच जागेवर दुसरा तयार. ३० जुलै २०१६, शनिवारची संध्याकाळ, हॉटेलं भरलेली, आणि तीन तासांत साडेसहा इंच पाऊस. नदी वर चढून गावात आली नव्हती, पाणी वरून आलं, मेन स्ट्रीटच नदी झाली आणि गाड्या खाली नदीकडे वाहत गेल्या. एक बाई गाडीत अडकलेली आणि चार-पाच माणसं एकमेकांचे हात धरून तिला बाहेर काढतायत हा व्हिडिओ तुम्हीपण बघितला असेल. दोन माणसं गेली. हवामान खात्याने सांगितलं की असा पाऊस हजार वर्षांतून एकदा, म्हणजे कुठल्याही एका वर्षात पडायची शक्यता हजारात एक. लोकांनी ते ऐकलं, कर्ज काढून दुकानं परत उभी केली, आणि जेमतेम बावीस महिन्यांनी, २७ मे २०१८ ला, आठ इंचांच्या वर पाऊस पडला आणि आधीपेक्षा जास्त पाणी आलं. दुसऱ्याला मदत करायला गेलेला नॅशनल गार्डचा एक जवान वाहून गेला.

त्या दिवशी मी घरीच होते. फोन एकदा केकाटला, परत केकाटला, फ्लॅश फ्लडचा, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराचा इशारा. आमच्याकडे नुसता पाऊस. काही आठवड्यांनी आम्ही काही जणं मदतीला गेलो तेव्हा एका दुकानाच्या मागच्या खोलीत मी गुडघे टेकून फावड्याने चिखल ओढत होते आणि त्या चिखलाचा वास आला, डिझेल, कुजलेलं लाकूड, ओला कागद, आणि मला तिथेच रडू आलं. कारण तो २००५ चा वास होता, २६ जुलैच्या पुरानंतर आमच्या चिपळूणच्या घरातला, तेव्हा मी कॉलेजात होते आणि आई पितळेची भांडी एकेक करून विहिरीवर धूत होती.

मग २०२१. इथे २१ जुलैची संध्याकाळ, मी कुकर लावत होते, तिकडे चिपळूणला २२ ची पहाट. दादाचा फोन, पाणी ओट्यावर आलं. मी म्हटलं कुठल्या पायरीवर, तर म्हणाला पायऱ्या संपल्या अगं, घरात येतंय. आईला आणि वहिनीला त्याने माळ्यावर चढवलं, कागदांची पिशवी, इन्सुलिन, बॅटरी. मग फोन लागायचा बंद झाला आणि पुढचे सतरा तास आम्हाला काहीही कळलं नाही. आषाढी होऊन दोन दिवस झालेले आणि पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस, खाडीला भरती असली की वाशिष्ठीचं पाणी जाणार कुठे. त्या दिवशी एसटीचे आगारप्रमुख आगाराची नऊ लाखांची रोकड सांभाळत कित्येक तास बसच्या टपावर बसून होते. आणि एका हॉस्पिटलमध्ये वीज गेली आणि पेशंट दगावले, ते आठवलं की अजून झोप लागत नाही. १८६४ पासूनच्या आपल्या वाचन मंदिरातली, म्हणजे गावच्या वाचनालयातली हजारो पुस्तकं परत एकदा भिजली.

तर सांगायचं काय, की होतं, इथेपण होतं. आणि भांडणंपण तीच होतात. वरच्या अंगाला टेकड्यांवर घरं बांधायला परवानग्या दिल्या, पार्किंगचे डांबरी पट्टे टाकले, पाणी मुरायला जागा कुठे ठेवली असं लोक म्हणत होते आणि बिल्डरवाले म्हणत होते एवढ्या पावसात जंगल असतं तरी पूर आलाच असता. २०१८ मध्ये काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाने, तिथे वर्षभर नवीन बांधकामच थांबवलं. मग तेव्हाच्या काउंटी प्रशासनाने प्लॅन आणला की एकोणीस इमारती विकत घेऊन पाडायच्या, त्यातल्या दहा खालच्या मेन स्ट्रीटवरच्या. गावात दोन तट पडले. दुकानदारांतलेच काही म्हणत होते पाडा, आमचा जीव वाचवा, आणि काही म्हणत होते पाडल्यावर वाचवायला गाव कुठलं उरणार. शेजारी शेजारी दुकानं असलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. आपल्याकडे निळ्या रेषेवरून जे चाललंय ते वाचताना मला हेच आठवतं.

पण त्यानंतर तिथे एक गोष्ट झाली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. निवडणूक झाली, नवीन काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचे निवडून आलेले प्रमुख आले, कॅल्व्हिन बॉल, आणि त्यांनी लोकांसमोर वेगवेगळे पर्याय मांडले. प्रत्येक पर्यायाला खर्च किती, वर्षं किती लागणार, किती इमारती जाणार, आणि २०१६ सारखा पाऊस परत पडला तर खालच्या मेन स्ट्रीटवर किती फूट पाणी उभं राहील. फूट! म्हणजे म्हातारीला पण कळेल असा आकडा. गुडघ्यापर्यंत की छातीपर्यंत. मग त्या आकड्यांवर लोक भांडले, पण सगळे एकाच कागदावर बोट ठेवून भांडले. मे २०१९ मध्ये ठरलं, चारच इमारती काढायच्या, वर तलाव करून पाणी अडवायचं आणि डोंगराच्या पोटातून जवळजवळ मैलभर लांबीचा बोगदा काढून पाणी थेट पटॅप्स्कोत सोडायचं.

आता लगेच कोणी म्हणेल की त्यांच्याकडे पैसा आहे. आहेच. हॉवर्ड काउंटी अमेरिकेतल्या श्रीमंत काउंट्यांपैकी, बोगदा दहा कोटी डॉलरच्या वरचा, आणि एवढं असून मी हे लिहितेय तोवर तो पूर्ण झालेला नाही. काही तलाव झालेत. म्हणून चिपळूण नगरपरिषदेने बोगदा खणावा असं मी अजिबात म्हणत नाहीये. सह्याद्रीचा पाऊस वेगळा, कोयनेच्या वीजघरांतून येणारं पाणी वेगळं, खाडीची भरती वेगळी, यातलं काही एलिकॉट सिटीला नाही. पण फुटांत बोलायला पैसे लागत नाहीत.

आपल्याकडे बघा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. माझ्या आईने १९६५ चा पूर ऐकलाय, २००५ आणि २०२१ चा घरात बघितलाय, तिला शंभर वर्षं सांगून काय उपयोग? एलिकॉट सिटीत हजार वर्षं सांगून बावीस महिन्यांत काय झालं ते वर लिहिलंच आहे. आणि पावसाळ्यात रोज आकडा येतो, वाशिष्ठीची इशारा पातळी पाच मीटर, धोक्याची सात. बरं, सात मीटर म्हणजे चिंचनाक्यावर किती? पेठमापात किती? आमच्या ओट्याला पाच पायऱ्या आहेत, सात मीटरला त्यातली कितवी बुडते? हे आईला तोंडपाठ आहे, पण तिचं माप वेगळं, समोरच्या वाण्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं की गॅस सिलिंडर वर न्यायचा. तिचं माप आणि सरकारचं माप एकमेकांना कधी भेटतच नाही, आणि जे नवीन भाडेकरू आलेत, लॉजमध्ये जे उतरलेत, त्यांना तर दोन्ही माहीत नाहीत.

मेन स्ट्रीटवर आता भोंगे बसवलेत, आणि भोंगा ऐकून पळायचं कुठे त्याच्या छोट्या पाट्या आहेत, या जिन्याने वर जा, या गल्लीतून डोंगराकडे जा. मी मागच्या वेळी आईला घेऊन गेले होते तेव्हा तिने त्या पाटीपाशी थांबून मला वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, एवढं तर आपल्याकडे पण लिहिता येईल की गं भिंतीवर.

गाळ काढायलाच हवा. २०२१ च्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं नसतं तर तोही निघाला नसता, आणि मला त्या लोकांचा अभिमान आहे, त्यातले काही माझ्या वर्गातले आहेत. धरणातून कधी किती सोडलं हेही विचारायलाच हवं, ते खाली पोचायच्या आधी कळायला हवं. पण हा सगळा गाळ काढल्यावर माझ्या गल्लीत किती फूट पाणी कमी होणार हे कोणीतरी सांगा, निळी रेषा आमच्या घरावरून जाते तर त्या रेषेत माझ्या ओट्यावर किती पाणी धरलंय ते सांगा. मग मी रेषा मान्य करायची की तिच्याविरुद्ध उभं राहायचं हे ठरवू शकते. आत्ता आम्ही रंगावर भांडतोय.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच केलं. दादाला व्हिडिओ कॉलवर टेप धरायला लावली. आमच्या घरासमोरच्या विजेच्या खांबावर, रस्त्यापासून, २००५ ची खूण सहा फूट दोन इंच, २०२१ ची सात फूट अकरा इंच. ते ग्रुपवर टाकलं आणि सगळ्यांना म्हटलं आपापल्या घराचं मोजून पाठवा. ज्याने मला तुला काय गं म्हटलं होतं त्याने सगळ्यात आधी पाठवलं, दुकानाच्या शटरजवळ उभा राहून, फूटपट्टीसकट फोटो. आत्तापर्यंत चौदा आलेत, बाजारपेठ, वडनाका, खेर्डी. मुरादपूर आणि पेठमापकडचं अजून एकही नाही. कोणाच्या भिंतीवर २००५ ची रेघ शिल्लक असेल तर दिवाळीचा रंग लावायच्या आधी मोजून ठेवा आणि पाठवा.