बिबट्या आधी कुत्र्यासाठी येतो

बिबट्याचं काय करायचं, यावर महाराष्ट्रात जो वाद पेटला आहे, त्यात दोन्ही बाजूंची नजर फक्त बिबट्यावर आहे. एक बाजू म्हणते, मारा, नाहीतर पकडून दूर न्या. दुसरी म्हणते, जंगल आपण खाल्लं, आता त्याने जायचं कुठे? 2025 मध्ये जुन्नर भागात हल्ले वाढले आणि वर्ष संपता संपता नसबंदीच्या प्रयोगाला मान्यता मिळाली. बिबट्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीतून काढण्याची मागणी झाली, जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना तर वनमंत्र्यांनीच मांडली. या सगळ्यात मळ्यातलं घर, त्याचा गोठा आणि दारात साखळीला बांधलेलं कुत्रं यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

आमचं घर चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या पट्ट्यात, गावापासून सुटं. उसाचा फड हाकेच्या अंतरावर, पलीकडे केळी. 2017 साली याच पट्ट्यात, वरखेड्याच्या आसपास, बिबट्याने एकामागून एक माणसं मारली. शेवटी डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत दिवे लागले की आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडत नव्हतं. मी आता जर्मनीत राहतो, त्यामुळे तिथे बसून गावाला धीराच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तो मी घेतही नाही.

गेल्या हिवाळ्यात गावाकडच्या घरातल्या नानांचा कुत्रा, काळू, गेला. फोनवर नाना एवढंच बोलले, "काळूले लई गया रे भो." म्हणजे बिबट्या काळूला घेऊन गेला. मग त्यांनी व्हिडिओ कॉल करून जागा दाखवली. ओट्याच्या खांबाला साखळी तशीच होती, टोकाला पट्ट्याचं वाकलेलं कडं. अंगणात खांबाभोवती साखळीच्या लांबीएवढं अर्धं वर्तुळ नखांनी खरवडलेलं होतं. काळू तेवढाच पळू शकला. राखणीसाठी म्हणून त्याला बांधलं होतं, आणि बांधलं नसतं तर तो कदाचित घरात तरी घुसला असता.

काळूचं जाणं हा अपघात नव्हता. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं. वजनाच्या हिशेबाने त्यातलं 87 टक्के पाळीव आणि गावातल्या जनावरांचं निघालं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, 39 टक्के. म्हणजे बिबट्या शिवारात येतो तो आधी कुत्र्यासाठी. जिथे उकिरडा उघडा, कोंबड्यांची घाण गावाबाहेर फेकलेली, तिथे मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे तो येतो. मोकाट कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेला, पण तो शहरात कुत्री चावण्याचा. आमच्याकडे कुत्र्यांचा प्रश्न आणि बिबट्याचा प्रश्न एकच आहे.

मी राहतो ते जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यातलं एक खेडं. इथे वाद लांडग्यावरून आहे. संपलेला लांडगा पोलंडकडून परत आला, 2000 साली लाउझिट्झ भागात पहिली पिल्लं झाली आणि 2023-24 च्या मोजणीत देशभरात 209 कळप भरले. 2022 मध्ये आमच्याच राज्यात युरोपियन आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांचं पोनी लांडग्याने मारलं. डिसेंबर 2024 मध्ये युरोपातल्या वन्यजीवांच्या रक्षणासाठीच्या बर्न कराराखालचं लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं गेलं. मारा आणि वाचवा, दोन्ही घोषणा इथेही तितक्याच जोरात देतात.

पण घोषणा चालू असताना खाली कुंपणाचं काम चालू असतं. माझ्या शेजाऱ्याकडे मेंढ्या आहेत. त्यांच्याभोवती विजेची जाळी, आणि कोपऱ्यात बॅटरीवरचं यंत्र दर सेकंदाला टक्‌ टक्‌ करत असतं. आपल्याकडच्या झटका मशीनसारखंच ते. सगळी मेहनत असते खालच्या तारेची. लांडगा सहसा उडी मारत नाही, खालून उकरून शिरतो, म्हणून ती तार जमिनीलगत ठेवावी लागते. मग गवत वाढून तारेला टेकतं, झटका जमिनीत उतरतो, आणि तो भला माणूस उन्हाळाभर कुंपणाच्या कडेने गवत कापत फिरतो. जाळीचा आणि राखणीच्या कुत्र्यांचा खर्च बहुतेक सरकार देतं. मेंढी मेली तर जखमेवरची लाळ घेऊन तपासतात, लांडगाच होता का ते ठरवतात, आणि ठरलेलं कुंपण होतं का हे पाहूनच भरपाई देतात. शेजारी यावर खूश नाही. कागदपत्रं फार, समुद्राकाठच्या बंधाऱ्यांवर चरणाऱ्या मेंढ्यांना कुंपण घालताच येत नाही, असं तो तावातावाने सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. तरीही पैसा नुकसान होण्याआधी येतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पाळीव जनावरांवर इथे बंधनंही आहेत. 1 एप्रिल ते 15 जुलै या काळात आमच्या राज्यात मोकळ्या रानात कुत्र्याला पट्टा लावावाच लागतो, कारण तेव्हा पक्षी जमिनीवर घरटी करतात आणि हरणं वीत असतात. दक्षिणेत वालडॉर्फ गावात 2022 साली एका जातीच्या चंडोल पक्ष्यांसाठी मांजरांना उन्हाळाभर घरात ठेवायचा हुकूम निघाला होता. हे जरा जास्तच झालं, असं मला वाटतं. पण पाळीव जनावराची जबाबदारी पाळणाऱ्याची, हा विचार मला पटतो.

दोन देशांत एक मोठा फरक मात्र मान्य करावाच लागेल. लांडगा परतल्यापासून जर्मनीत त्याने माणूस मारलेला नाही. बिबट्या मारतो. शिवाय इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला मध्यरात्री मोटार चालू करायला एकट्याने उसात शिरावं लागत नाही. आपल्याकडे तीन फेज लाइट रात्रीच्या पाळीला आली की नाना आणि सालदार बॅटरी घेऊन केळीत जातात, पाय चिखलात, नजर खाली. "रातनी लाईट, रातनाच बिबट्या. माणूसनी काय करानं?" असं नाना म्हणतात, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आहे, आणि माझ्या मते बिबट्याच्या पट्ट्यातले फीडर, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या वाहिन्या, तिच्यात सगळ्यात आधी घ्यायला हवेत. माणूस गेल्यावर कुटुंबाला 25 लाख देणारं सरकार तो जाऊ नये म्हणून त्या पट्ट्यात किती घालतं, हा प्रश्न आमदारांना विचारायला हवा.

पकडून दूर सोडण्याचा मार्ग आपण वापरून बघितला आहे. जुन्नरचे बिबटे पकडून इतरत्र सोडले तेव्हा हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. वर्षाला सरासरी चारावरून ते सतरावर गेले, असं 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. त्यातले काही आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात आणून सोडले होते. एका तालुक्याची भीती दुसऱ्या तालुक्यात नेऊन टाकणं याला मी उपाय म्हणणार नाही. माणसावर सवयीने हल्ले करणाऱ्या जनावराला मात्र ठार करावंच लागतं, आणि 2017 चा निर्णय मला योग्यच वाटतो.

राहिला गोठा. पऱ्हाट्यांचं कूड बिबट्याला अडवत नाही. लोखंडी चौकटीची जाळी चारही बाजूंनी आणि वरून लागते, दाराला कडी लागते. नानांनी यंदा कापसाच्या पैशातून शेळ्यांपुरती तशी बांधली. सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे, पण ती योजना जंगलालगतच्या गावांसाठी. बिबट्या आता उसात राहतो, म्हणून अनुदानही उसापर्यंत यायला हवं, आणि त्यात गोठ्याची जाळी धरायला हवी. काळूनंतर आणलेलं पिल्लू रात्री शेळ्यांबरोबर आत झोपतं, साखळी काढून. त्याला रेबीजची लस टोचून घ्या म्हणून मी नानांच्या मागे लागलो होतो, ती टोचून झाली. या आठवड्यात आमच्या फीडरला लाइट पुन्हा रात्रीची आहे.