शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉलबंदीचे जरा जास्तच कौतुक होते

शिक्षणसंस्था आणि खेळाचा बाजार हा विषय निघाला की शिकागो विद्यापीठाचा दाखला हमखास दिला जातो. अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांच्या आग्रहावरून तिथल्या विश्वस्तांनी २१ डिसेंबर १९३९ रोजी आपला नामांकित फुटबॉल संघ (म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉलचा संघ) कायमचा बंद केला, आणि तेव्हापासून हा निर्णय तत्त्वनिष्ठेचा नमुना म्हणून मिरवला जातो. खेळाचा बाजार शिक्षणाला मारक ठरतो, हे हचिन्स यांचे रोगाचे निदान मला पूर्ण पटते. त्यांनी केलेला इलाज मात्र पटत नाही.

मुळात हा संघ विद्यापीठाने हौसेखातर उभा केलेला नव्हता. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना नव्या विद्यापीठाचे नाव देशभर गाजवायचे होते, म्हणून १८९२ मध्ये वर्ग सुरू होतानाच त्यांनी एमॉस अलोन्झो स्टॅग यांना आणले आणि एका प्रशिक्षकाला चक्क प्राध्यापकांच्या पंक्तीत बसवले. स्टॅग यांनी एक्केचाळीस हंगाम संघ सांभाळला आणि पुढे ‘बिग टेन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या विद्यापीठांच्या गटाची सात विजेतेपदे मिळवली.

त्या वैभवाचा कळस म्हणजे ३० नोव्हेंबर १९०५ चा मिशिगनविरुद्धचा सामना. मिशिगनचा संघ सलग ५६ सामने अपराजित होता. दुसऱ्या सत्रापर्यंत कोणालाच गुण मिळालेला नव्हता. तेव्हा शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कने स्वतःच्या गोलरेषेमागे झेलला. तो तिथेच थांबला असता तर काही बिघडले नसते, पण तो चेंडू घेऊन बाहेर धावला, आणि शिकागोच्या गड्यांनी त्याला रेटत पुन्हा रेषेमागे नेऊन पाडले. या चुकीचे प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात, आणि सामना त्याच २-० ने संपला.

हचिन्स १९२९ मध्ये अवघ्या तिसाव्या वर्षी अध्यक्ष झाले. सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना १९३२ च्या हंगामानंतर नियमावर बोट ठेवून निवृत्त करण्यात आले. (म्हातारबुवा त्यानंतर कॅलिफोर्नियात जाऊन आणखी चौदा हंगाम संघ घडवत राहिले, ते वेगळेच.) दरम्यान विद्यापीठाचा अभ्यासक्रम कडक झाला होता आणि शारीरिक शिक्षणाची पदवी तिथे नव्हतीच, त्यामुळे इतर विद्यापीठे ज्या आडवाटेने तगडे खेळाडू सांभाळून घेत ती शिकागोला बंद होती. याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण नियम असे ठेवायचे आणि सामने मात्र मिशिगन, ओहायो स्टेट यांच्याशीच लावायचे, याला काय म्हणावे? जे बरवँगर या खेळाडूसारखा एखादा हिरा तरीही निघाला. पुढे ‘हाइजमन’ नावाने प्रसिद्ध झालेला, सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा पुरस्कार १९३५ मध्ये सर्वांत आधी त्यालाच मिळाला, आणि तो मानाचा पुतळा नंतर कित्येक वर्षे त्याच्या मावशीच्या घरी दाराला अडसर म्हणून पडून होता. पण एकट्या बरवँगरने संघ तरत नसतो.

१९३९ च्या हंगामात मिशिगनकडून ८५-०, हार्वर्डकडून ६१-०, ओहायो स्टेटकडूनही ६१-० असे पराभव झाले. दोष प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी यांचा नव्हता, कारण हेच गृहस्थ पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डला गेले आणि तिथला संघ त्यांनी एकही सामना न हरता ‘रोझ बोल’ या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यापर्यंत नेऊन जिंकवला. मग नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर बंदीचा निर्णय जाहीर झाला. संघ जिंकत असताना, तिकीटबारीवर रांगा असताना हा निर्णय घेतला असता तर त्याला धैर्य म्हटले असते. ८५-० नंतर तो घेणे हा शहाणपणा असेल, शौर्य नव्हे.

पुढची हकिकत थोडक्यात अशी. १९४२ मध्ये स्टॅग मैदानाच्या पश्चिम प्रेक्षागाराखाली जगातली पहिली नियंत्रित अणुविखंडनाची साखळी प्रक्रिया साधली गेली, १९४६ मध्ये विद्यापीठ बिग टेनमधूनही बाहेर पडले, आणि मैदानाच्या जागी आज रेगेन्स्टाइन ग्रंथालय आहे, जिथे मराठी पुस्तकांचाही चांगला संग्रह आहे. मराठी वाचक म्हणून या अदलाबदलीबद्दल मी तक्रार करणे शोभणार नाही.

तरीही माझा आक्षेप कायम आहे. त्याच १९३९ च्या हंगामात शिकागोने वाबाश आणि ओबर्लिन या लहान महाविद्यालयांना हरवले होते. म्हणजे अभ्यास सांभाळून खेळणाऱ्या मुलांना तोलामोलाचे प्रतिस्पर्धी उपलब्ध होते. सोडायची होती ती फक्त बड्यांशी बरोबरीची हाव. साठच्या दशकात खेळ परत आणायचे ठरले तेव्हा काही विद्यार्थी विरोध म्हणून मैदानातच ठिय्या मारून बसले, इतकी ती बंदी तिथल्या अभिमानाचा भाग झाली होती. अखेर १९६९ मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उतरला, आणि आज तो खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. हे करायला तीस वर्षे थांबायची काहीच गरज नव्हती.