चौसष्टातले एकसष्ट

काल सांगलीत आतेभावाच्या लग्नात माझ्या सहा वर्षांच्या पीएचडीचा निकाल लागला. तोही जिलबी पानात पडायच्या आत.

शेजारी अण्णामामा. जन्मभर हजेरीपत्रकं सांभाळून निवृत्त झालेले. ‘तुझ्या त्या ग्राफचं काय झालं रे?’ ग्राफ म्हणजे शेअरबाजाराचा नव्हे, ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, हे मागच्या तीन लग्नांत सांगून झालंय. या वेळी मीच वाहवत गेलो. एका ठिपक्यापासून बाकीचे किती लांब, हे आमच्या संगणकाचे ६४ कोर, म्हणजे एकाच वेळी राबणारे ६४ मेंदू, एकदम मोजतात, म्हणालो.

‘मग चौसष्टपट लवकर होत असेल!’

‘तिप्पट.’

मामांचा घास हवेतच राहिला. ‘आणि उरलेले एकसष्ट?’

‘थांबतात.’

‘बसून?’

आता यांना काय सांगू? १९५६ साली डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा होणाऱ्या बायकोबरोबर अ‍ॅमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमले, कॉफी प्यायला बसले आणि वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय, जवळच्या रस्त्याचं गणित सोडवून उठले. त्यात दर वेळी सगळ्यात जवळचा एकच ठिपका उचलायचा. एकच! ती वीस मिनिटं चौसष्ट जणांत वाटता वाटता माझी सहा वर्षं गेली. होणारी बायकोही नाही.

शिवाय एका ठिपक्याला दोन शेजारी, तर दुसऱ्याला दोन लाख. लाखवाला ज्याच्या वाट्याला येतो तो राबतो, आणि त्याचं आटपेपर्यंत बाकीच्यांना पुढची फेरी धरता येत नाही.

‘मस्टरवर चौसष्ट, कामावर तीन,’ मामा अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. ‘आमच्याकडं हेच होतं. पीएचडी कुणी दिली नाही.’

मठ्ठा वाढणारा पोरगा थबकला. ‘रांगा आधीच वाटून दिल्या की असंच हुतंय. ज्याचं संपलं त्यानं दुसऱ्याच्या रांगेतनं उचलायचं.’

‘आणि एकाच पानात दोन लाख जिलब्या वाढायच्या असतील तर?’ मी चिडून.

‘मग चौघांनी मिळून वाढायच्या की!’

पहिल्याला वर्क स्टीलिंग म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी नव्वदच्या दशकात ‘सिल्क’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ते बसवलं. दुसरं माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आहे. दीड वर्ष लागलंय त्याला. पोरगा मठ्ठा ओतून पुढं गेलासुद्धा.

‘फेलोशिप किती मिळते?’ मामा.

‘आठ महिने आलेली नाही.’

‘म्हणजे तूही बसूनच!’

मी बसून नाही हो मामा. दर सोमवारी जाऊन विचारतो. त्या फायलीला एकच कोर दिलाय, आणि तो रजेवर आहे.