पाठ झालेले सिनेमे

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर माझ्या जुन्या बाकमित्राने लांबलचक मजकूर टाकला. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण अजून १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तच बसलोय, असा त्याचा एकूण सूर. पन्नाशीची माणसं लग्नकार्यात ‘सत्तर रुपये वारले’ म्हणून हसतात, टी-शर्टांवर तेच संवाद, टीव्हीवर तोच सिनेमा. चांगल्या मराठी सिनेमांना शो मिळत नाहीत ते यामुळेच, असं त्याचं म्हणणं. सिनेमा एकदा पाहावा, समजला की पुढे जावं. आणि शेवटी आमच्यावर वार: ‘परदेशातल्या मंडळींचं तर विचारूच नका, विमानात बसले त्या दिवशीच त्यांचं घड्याळ बंद पडलंय.’

मला राग आला. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही, पण आय-१५ महामार्गावर गाडी चालवताना, कॉस्टकोच्या रांगेत, ड्राइव्हवेतला बर्फ ओढताना त्याच्याशी भांडत होतो. आज लिहूनच टाकतो.

मी अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पंचवीस वर्षं राहतोय. इथून लोगनवरून वर गेलं आणि आयडाहोची हद्द ओलांडली की प्रेस्टन लागतं. जेमतेम पाच-सहा हजारांचं गाव. २००३ च्या उन्हाळ्यात जॅरेड हेस या तिथल्याच पोराने ‘नेपोलियन डायनामाइट’ हा सिनेमा तिथे चित्रित केला. पटकथा त्याने आणि त्याची बायको जेरुशाने मिळून लिहिलेली. त्याआधी ब्रिघम यंग विद्यापीठात शिकताना केलेली ‘पेलुका’ ही नऊ मिनिटांची कृष्णधवल फिल्म, तिच्यातून हा सिनेमा उगवला. खर्च चार लाख डॉलर, चित्रीकरण तेवीस दिवस, आणि नायक झालेल्या जॉन हीडरला सुरुवातीला मिळालेले पैसे १००० डॉलर. जानेवारी २००४ मध्ये तो संडान्सच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि पुढे थिएटरांत चार कोटी डॉलरच्या वर कमाई करून गेला.

गोष्ट म्हणावी तर काहीच नाही. कुरळ्या केसांचा, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा एक हायस्कूलचा मुलगा. घरी टीना नावाची लामा, म्हणजे उंटाच्या जातीचा लोकरीचा प्राणी, तिला तो चरफडत जेवायला घालतो. शाळेत पँटच्या खिशात टेटर टॉट्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले छोटे गोळे, भरून ठेवतो. मेक्सिकोहून आलेला त्याचा मित्र पेद्रो वर्गाच्या निवडणुकीला उभा राहतो आणि नेपोलियन त्याच्यासाठी भर सभागृहात एकटा नाचतो. संपलं.

२००५ मध्ये नेटफ्लिक्सच्या लाल पाकिटातून, पोस्टाने, ही डीव्हीडी माझ्याकडे आली, ऑफिसातल्या एकाने फार आग्रह केला म्हणून. मी अर्ध्या तासात बंद केली, एक तारा दिला आणि पाकीट परत पोस्टात टाकलं. तेव्हा माझाही सूर आज माझ्या मित्राचा आहे तोच होता: यात काय आहे?

पुढच्याच वर्षी नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. कोणाला कोणता सिनेमा आवडेल याचा अंदाज त्यांच्या गणितापेक्षा दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा, अशी अट. जगभरचे गणिती त्यावर बसले, २००९ पर्यंत बसले, आणि त्यांना सगळ्यात जास्त छळणाऱ्या सिनेमांत हा अग्रभागी होता. एका स्पर्धकाच्या हिशेबात उरलेल्या चुकीपैकी जवळजवळ १५ टक्के चूक या एकट्या सिनेमाची होती. लोक एक तारा देत किंवा पाच, आणि त्यांच्या बाकीच्या आवडीनिवडींवरून काही म्हणता काही ठरत नसे. हे मी मित्राला मुद्दाम सांगतोय. एवढी डोकी जिथे हात टेकतात, तिथे तू एका मजकुरात लोकांची अभिरुची मोजून मोकळा होतोस?

आणि दर्जाचं म्हणत असशील, तर आयडाहोच्या विधिमंडळाने २००५ मध्ये या सिनेमाच्या गौरवाचा ठराव केला. त्यात टेटर टॉट्समुळे आयडाहोच्या बटाट्याचं नाव झालं याचाही उल्लेख आहे. प्रेस्टनने पुढे काही वर्षं सिनेमाच्या नावाने उत्सव भरवला. हे लोक आपलं काय आहे ते सांगायला लाजत नाहीत. आपल्याकडे अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण मिळाला, पद्मश्री मिळाली, पण किती उशिरा! तोवर आपण ‘विनोदी नट’ असं जरा खालच्या पट्टीतच म्हणत होतो ना?

‘बनवाबनवी’ची गोष्ट मूळची आपली नाही, हाही मित्राचा मुद्दा. खरं आहे, आधी हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा ‘बीवी और मकान’ होता. पण पुण्यातल्या एकट्या पुरुषाला खोली देताना मालकाच्या कपाळावर जी आठी पडते, ती कोणत्या हिंदी सिनेमातून आली? सुधीर जोशींचा विश्वास सरपोतदार मी आमच्या पेठेत चपला घालून फिरताना पाहिलाय. वसंत सबनिसांची ती भाषा आमच्या जिन्यातली होती.

आमच्याकडे त्याची व्हीसीडी होती. २००१ मध्ये वडिलांनी लक्ष्मी रोडवरून घेतलेली, चिवड्याच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून आणलेली, वर त्यांच्या अक्षरात स्केचपेनने ‘बनवाबनवी, भाग १ व २’. दुसऱ्या भागावर एक ओरखडा होता. लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यातला प्रवेश आला की चित्राचे चौकोन व्हायचे आणि आवाज टकटक करत एकाच अक्षरावर अडायचा. मग मी तबकडी काढून आईच्या जुन्या पातळाच्या मऊ तुकड्याने पुसायचो. मधून कडेकडे, गोल कधीच नाही. तेवढ्या वेळात बायको लीलाबाईंचं वाक्य म्हणायची आणि मी पार्वतीचं. चित्र सुरू व्हायचं तेव्हा आम्ही कधी त्याच्या पुढे असायचो, कधी मागे.

१६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. त्या रात्री आम्ही तीच व्हीसीडी लावली. मुलगा चार वर्षांचा, माझ्या मांडीवर झोपलेला. आम्ही हसत होतो आणि मधेच गप्प होत होतो. बाहेर आमच्या गल्लीत सगळ्यांच्या घरांवर नाताळचे दिवे, आणि त्या पूर्ण गल्लीत कोण गेलंय हे माहीत असलेलं घर एकच. ‘नेपोलियन’ची डीव्हीडी बाजारात आली तीही त्याच महिन्यात.

मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर डी.आय. या जुन्या वस्तूंच्या दुकानातून दोन डॉलरला ती डीव्हीडी घेऊन आला. शनिवारी त्याचे तीन मित्र बेसमेंटमध्ये. मी धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन जिना उतरत होतो आणि तबकडी अडकली. चित्राचे तेच चौकोन. चौघांपैकी एकही उठला नाही. चौघांनी मिळून पुढचं वाक्य म्हटलं, त्याच मरगळलेल्या आवाजात, आणि सोफ्यावर लोळून हसले. मी बास्केट घेऊन पायरीवरच बसलो. पहिल्या वेळी मला हसू आलं नाही. तिसऱ्या वेळी आलं, त्या लामाच्या प्रसंगाला. माझा एक तारा मी मनातून मागे घेतला.

तेव्हा मी पेद्रोकडे नीट पाहिलं. नवा देश, नवी शाळा, बोलायला फारसं काही नाही. आपल्या पद्धतीने पिनाटा, म्हणजे काठीने फोडायची कागदी बाहुली, बांधून प्रचार करतो तर मुख्याध्यापक बोलावून समज देतात. माझा मुलगा ‘व्होट फॉर पेद्रो’चा शर्ट घालून शाळेत जायचा, आणि आपल्याच घरात एक पेद्रो आहे हे त्याला कधी सुचलं नसावं. इथल्या पहिल्या वर्षात मीही बैठकीत वाक्य मनात दोनदा जुळवून मग बोलायचो. तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

पण त्या सिनेमात आणखी एक माणूस आहे, नेपोलियनचा रिकोकाका. व्हॅनमध्ये राहतो, कॅमेऱ्यापुढे एकटाच फुटबॉल फेकत स्वतःचं चित्रीकरण करतो आणि सांगतो की १९८२ मध्ये कोचने आपल्याला मैदानात उतरवलं असतं तर सगळं वेगळं झालं असतं. मागे जाण्यासाठी तो इंटरनेटवरून टाइम मशीनसुद्धा मागवतो. पोरं त्याला सगळ्यात जास्त हसतात. मला हसता येत नाही. मित्राचं घड्याळाचं वाक्य मला लागलं ते यामुळे.

गेल्या खेपेला पुण्यात भाचे मंडळींसमोर मी सहज ‘बनवाबनवी’तलं एक वाक्य टाकलं. ती हसली, पण मामा मोठा म्हणून. मग ती आपापसात काहीतरी बोलली, सगळी खदाखदा हसली आणि मला त्यातलं अक्षर कळलं नाही. जे पुणे मी वाक्यावाक्याने पाठ केलंय, ते तिथे आता कितीजणांकडे उरलंय? इथे ते माझ्या बायकोकडे आहे. आणि अरे, तुझ्याकडे आहे.

कारण ते मी तुझ्या घरी पाठ केलं. अकरावीतली कोजागिरी, भाड्याने आणलेला व्हीसीआर, तुझ्या हॉलमध्ये आम्ही पंधरा जण, आणि पहाटे दूध संपल्यावर तू वडिलांचा कोट चढवून अशोक सराफांचे प्रवेश उभ्याने केलेस. एकही शब्द चुकला नव्हता. ग्रुपवरच्या मजकुरात तू हे लिहिलं नाहीस.

मी जानेवारीत येतोय. तुझा फ्लॅट आता बाणेरला, सोळाव्या मजल्यावर. खाली वॉचमन नाव विचारून वर फोन लावतो म्हणे. मी त्याला माझं नाव सांगणार नाही. धनंजय माने इथेच राहतात का, एवढंच विचारणार आहे. वरून काय उत्तर द्यायचं ते तू ठरव.