काटा वर गेला म्हणजे सिलिंडर जोरात? व्हॅक्यूम गेजवरच्या आक्षेपांना उत्तर

दोन किंवा चार कार्बोरेटरच्या जुन्या मोटरसायकली सांभाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: व्हॅक्यूम गेज, म्हणजे सिलिंडर हवा ओढतो तेव्हाचा व्हॅक्यूम काट्याने दाखवणारं मापक, हे हौशी लोकांचं खेळणं आहे. सगळे कार्बोरेटर सारखीच हवा देतील असे टेबलावर एकदा नीट जुळवले की पुरे, बाकीचं कान सांगतो. सीव्ही कार्बोरेटर (ज्यात हवेची वाट कमीजास्त करणारी स्लाइड व्हॅक्यूमने उचलली जाते) तर आपले आपणच जुळतात. गेजचे आकडे एकमेकांशीही जुळत नाहीत आणि निरोगी इंजिनाच्या तक्त्याशीही नाहीत. शिवाय गेजने जुळवलेली गाडी नळ्या काढल्या की पुन्हा बिघडते. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडंफार तथ्य आहे आणि पंचाईत तीच आहे.

टेबलावर जुळवण्यापासून सुरुवात करू. ते मीही करतो. बारीक ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा बटरफ्लायच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या हवेच्या झडपेच्या, कडेखाली सरकवायचा आणि चारही ठिकाणी तो सारखाच हलका अडकतो का ते बघायचं. यामुळे गाडी निदान चालू होते आणि एका जागी उभी राहते. पण मोजलं काय? धातूंमधली फट. इंजिनाला फटीशी देणंघेणं नाही, त्याला हवा हवी. ती हवा बटरफ्लायच्या झिजलेल्या शाफ्टच्या बाजूनेही शिरते, कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबर बूटच्या तड्यातूनही शिरते आणि टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) घट्ट असेल तर आत आलेल्या हवेचं पुढे काय होतं तेही बदलतं. आयडलिंगला, म्हणजे मूठ न पिळता इंजिन नुसतं चालू असताना, बटरफ्लाय इतकी मिटलेली असते की केसभर फरकही तिथे मोठा ठरतो. टेबलावरची जुळणी ही सुरुवात आहे, एवढंच.

आता कान. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन १००० आरपीएमवर मिनिटाला २००० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ वेळा फायर होतं. त्यातला एक सिलिंडर पूर्ण मेला असेल तर तो मिसिंग कोणालाही ऐकू येईल. दुसरा सिलिंडर तिसऱ्यापेक्षा जरा कमी हवा घेतोय, हे त्या गुरगुरीतून वेगळं काढणारा कान मला अजून भेटलेला नाही. गंमत म्हणजे जुळणी बिघडली की आयडलिंगला क्लचच्या बाजूने खडखड येते. कान ती बरोबर टिपतो आणि आळ क्लचवर घेतो. असे विनाकारण उघडलेले क्लच मी पाहिलेत. एक सूट मात्र द्यायला हवी. उघड्या तोंडाच्या स्लाइड कार्बोरेटरवर एकेका तोंडाशी नळी धरून हवेची सूं ऐकायची जुनी पद्धत दोन सिलिंडरच्या गाडीवर बऱ्यापैकी चालते. पण तिथे आपण एका वेळी एकच कार्बोरेटर ऐकून तुलना करत असतो, सगळ्या इंजिनाचा आवाज ऐकत नसतो.

‘सीव्ही कार्बोरेटर स्वतःच जुळतात’ हे सगळ्यात हुशार वाटणारं वाक्य आहे आणि सगळ्यात चुकीचंही. सीव्हीमध्ये स्लाइड व्हॅक्यूमने वर उचलली जाते, हे खरं. पण आयडलिंगला ती तळाशी बसलेली असते. तिथे हवा किती जायची ते बटरफ्लाय ठरवते, आणि चार बटरफ्लाय एकमेकींना स्क्रूने जोडलेल्या असतात. मूठ थोडी पिळली की स्लाइड किती उचलायची तेही बटरफ्लाय किती उघडली त्यावरच ठरतं. मग ‘स्वतः जुळणार’ कोण?

गेजच्या आकड्यांबद्दलची तक्रार मात्र नीट बघण्यासारखी आहे. एकाच संचातली चार गेज चार वेगळे आकडे दाखवतात, हे होतं. उपाय पाच मिनिटांचा आहे. चारही नळ्या आळीपाळीने एकाच सिलिंडरला लावायच्या आणि प्रत्येक काटा कुठे थांबतो ते चिकटपट्टीवर लिहून गेजवर डकवायचं. आपल्याला हवा असतो सिलिंडरांमधला फरक. गेज एका सेंटिमीटर पाऱ्याने (व्हॅक्यूम याच मापात मोजतात) खोटं बोलत असेल पण दर वेळी तेवढंच बोलत असेल, तर माझं काहीच अडत नाही.

तक्त्याचं प्रकरण वेगळं. त्यात लिहिलेलं असतं की निरोगी इंजिन आयडलिंगला ४५ ते ५० सेंटिमीटर पारा दाखवतं आणि त्याखाली म्हणजे पिस्टनच्या रिंग गेल्या. मग कोणीतरी आपल्या मोटरसायकलला गेज लावतो, काटा २० च्या आसपास थरथरतो आणि माणूस इंजिन उतरवायला निघतो. तो तक्ता कारचा आहे. कारमध्ये सगळे सिलिंडर एकाच मॅनिफोल्डमधून ओढतात, त्यामुळे तिथे व्हॅक्यूम टिकून राहतो. इथे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची छोटी वाट आहे. तो दोन फेऱ्यांत एकदाच ओढतो आणि उरलेल्या वेळात ती वाट पुन्हा हवेने भरते. गेज या चढउताराची सरासरी दाखवतं, म्हणून आकडा निम्म्यावर येतो. थरथर कमी करायला नळीत बारीक छिद्राचा अडथळा घालतात. तो फार आवळू नका, नाहीतर काटा शांत बसेल पण मेल्यासारखा. एक-दोन मिलिमीटर हलताना दिसला पाहिजे.

याच मजकुराची दुसरी बाजू मानणारेही आहेत. त्यांचा गेजवर पूर्ण विश्वास, पण वाचन उलटं. काटा वर म्हणजे तो सिलिंडर जोरात काम करतोय, असं ते समजतात. क्रँक एकच आहे, सगळे पिस्टन सारख्याच वेगाने ओढतात. बाकी सगळं सारखं असेल तर ज्याची बटरफ्लाय जास्त मिटलेली त्याच्या मागे व्हॅक्यूम जास्त. म्हणजे काटा वर असलेला सिलिंडर उपाशी आहे.

‘बाकी सगळं सारखं असेल तर’ या शब्दांनी मला एकदा चांगलंच शिकवलं. माझ्या गाडीचा तिसरा काटा बाकीच्यांपेक्षा तीनेक सेंटिमीटर खाली होता. तीन-चारमधला स्क्रू फिरवला, काटे एका रेषेत आले, समाधानाने गेज गुंडाळून ठेवलं. आयडलिंग तरीही लंगडं. दोन दिवसांनी टॅपेटचं कव्हर उघडलं, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टीही (फट मोजायची पातळ पट्टी) शिरेना. व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता, म्हणून व्हॅक्यूम कमी पडत होता, आणि मी बटरफ्लाय मिटवून तो आकडा भरून काढला होता. टॅपेट नीट केल्यावर तोच काटा बाकीच्यांच्या वर जाऊन बसला. चूक गेजची नव्हती, मी क्रम उलटा घेतला होता. आधी टॅपेट, स्पार्क, रबर बूट, एअर फिल्टर जागेवर, इंजिन चांगलं गरम. मग गेज. स्क्रूंचाही क्रम असतो. चार कार्बोरेटरच्या बहुतेक संचांत आधी एक-दोन, मग तीन-चार, शेवटी मधला, जो दोन जोड्या एकमेकींशी जुळवतो. दर वेळी पाव फेऱ्याहूनही कमी, मग मूठ एकदा पिळून सोडायची आणि काटे स्थिरावू द्यायचे. सगळे काटे तंतोतंत एका रेषेत यायला हवेत असंही नाही. कावासाकीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन कार्बोरेटरांत २ सेंटिमीटर पाऱ्यापर्यंतचा फरक चालतो. आणि एअर-कूल्ड इंजिन उभ्या जागी तापतं, तेव्हा समोर पंखा ठेवा.

काही गाड्यांवर काटे जुळलेलेच दिसतात आणि तिथेही फसगत होते. यामाहाने १९८० च्या दशकात एक्सजे मालिकेतल्या काही गाड्यांना वायआयसीएस नावाची रचना दिली होती. तिच्यात चारही इनटेक एका बारीक मार्गाने जोडलेले असतात. तो मार्ग खास दांड्याने बंद केल्याशिवाय गेज लावलं तर एका सिलिंडरचा व्हॅक्यूम दुसऱ्यात मिसळतो आणि बिघडलेली जुळणीही सरळ दिसते.

वेगात याचा काही फरक पडत नाही, असंही त्या मजकुरात एक वाक्य असतं. ते बरंचसं बरोबर आहे. बटरफ्लाय मोठी उघडली की केसभर फरक किरकोळ होतो. पण गाडी चालवताना मूठ बराच वेळ अगदी थोडीच उघडलेली असते, आणि हाताला मुंग्या आणणारी थरथर तिथेच येते.

खेळणं आणि खर्च म्हणाल, तर दोन सिलिंडरसाठी चार-पाच मीटर पारदर्शक नळी, एक उभी फळी आणि थोडं इंजिन ऑइल पुरतं. यू आकारात नळी बसवायची, दोन टोकं दोन सिलिंडरना. तेल पाऱ्यापेक्षा खूपच हलकं, त्यामुळे १ सेंटिमीटर पाऱ्याचा फरक इथे सुमारे १५ सेंटिमीटर दिसतो. कुठलंही स्वस्त गेज याच्या जवळपास येणार नाही. दोन्ही बाजूंना वाटेत रिकामी बाटली मात्र जोडा, नाहीतर जुळणी फारच बिघडलेली असेल तेव्हा इंजिन ते तेल ओढून घेईल. खरा पारा घरात आणू नका, त्याची वाफ विषारी असते.

राहिलं नळ्या काढल्यावर गाडी बिघडण्याचं. याला दोन कारणं नेहमीची. स्क्रूवर लॉकनट असेल तर तो आवळताना स्क्रूही थोडा फिरतो. म्हणून आवळल्यावर गेज न काढता पुन्हा बघायचं. दुसरं कारण जमिनीवर सापडतं. व्हॅक्यूम तोटीवरची (जिथे गेजची नळी लावतात) रबरी टोपी काढून बाजूला ठेवलेली असते आणि परत लावताना चारातली एक राहते. तो सिलिंडर मग बाहेरून हवा ओढतो, आयडल चढतं आणि फट्फट् सुरू होते. टाकीचा पेट्रोल कॉक व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर एका तोटीवर टोपीऐवजी त्याची नळी येते, तीही मोजणीत धरायची. मी टोप्या हेल्मेटमध्ये टाकून ठेवतो. ते घातल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही.