मतभेद होते, मनभेद नव्हते (वापरण्याची पद्धत)

विरोधी पक्षातला जुना सहकारी गेल्याचा फोन आला की लगेच गहिवरू नका. आधी खात्री करा. मार्च १९७९मध्ये खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत जयप्रकाश नारायण गेल्याचं जाहीर केलं. सभागृहानं श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झालं, आणि जयप्रकाश मुंबईच्या रुग्णालयात हयात! ते गेले ८ ऑक्टोबरला. तुमच्या सहकाऱ्याला अशी सवड मिळाली, तर तो तुमचं भाषण ऐकून खुलासा मागेल.

खात्री झाली की दोघांचा फोटो शोधा. तो नसणारच, कारण त्याच्या शेजारी उभं राहायचं तुम्ही वर्षानुवर्षं टाळलंत. कुणाच्या तरी लग्नातला काढा आणि मधली तीन माणसं कापा. त्यांतल्या एकाचा हात त्याच्या खांद्यावर राहिला तर राहू द्या, लोकांना तो तुमचाच वाटेल.

आता भाषण. ‘आमच्यात मतभेद होते, मनभेद नव्हते’ एवढं वाक्य पाठ हवं. मतभेद कशावरून होते, ते मात्र चुकूनही सांगू नका. सांगितलंत, तर त्या वेळी बरोबर कोण होतं हे कुणाला तरी आठवेल.

या बाबतीत जुन्या मंडळींनी फार वाईट पायंडे पाडलेत. हिंदू कोड बिलाच्या रखडपट्टीवरून आंबेडकरांनी १९५१मध्ये नेहरूंचं मंत्रिमंडळ सोडलं. ६ डिसेंबर १९५६ला ते गेले, तेव्हा नेहरू लोकसभेत काय म्हणाले? की हिंदू समाजातल्या जुलमी गोष्टींविरुद्धच्या बंडाचं प्रतीक म्हणून त्यांची आठवण राहील. म्हणजे जिथं दुखत होतं, तिथंच बोट! संयुक्त महाराष्ट्रासाठी नेहरूंवर लेखणीचा आसूड ओढणाऱ्या अत्र्यांनी, नेहरू गेल्यावर त्याच ‘मराठा’त त्यांच्यावर भरभरून लिहिलं. आणि जनसंघाच्या वाजपेयींनी २९ मे १९६४ला राज्यसभेत नेहरूंना भारतमातेचा लाडका राजपुत्र म्हटलं, तेही मतभेद न लपवता. आयुष्यभर खरं भांडलं की हा तोटा होतो, शोकही खराच करावा लागतो. तुमची ती अडचण नाही.

तुम्ही ‘ते मला नेहमी म्हणायचे’ अशी सुरुवात करा. पुढे स्वतःची स्तुती हवी तेवढी घाला, साक्षीदार नुकताच गेलाय. एकदोनदा आवाज दाटू द्या. पण नाव मात्र चिठ्ठीत बघून घ्या. परवा एकानं भरल्या गळ्यानं दिवंगताच्या थोरल्या भावालाच श्रद्धांजली वाहिली, आणि तो पहिल्या रांगेत बसला होता.

मग स्तब्धता. मान खाली, हात पोटाशी. हा वेळ वाया घालवू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ प्रमाणे रिकाम्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. सभागृहाची मुदत वर्षाच्या आत संपत असेल, तर हे बंधन नाही. मनातल्या मनात महिने मोजा. वर्षाहून कमी भरले, तर दुःख बेताचं ठेवा आणि पुढच्या कार्यक्रमाला निघा. जास्त भरले, तर अंत्यदर्शनाला शेवटपर्यंत थांबा, तिरडीला खांदा द्या, आणि मुलाला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवत हळूच विचारा, “बाळा, तुझा काही विचार नाही ना?”